पडद्यावरचा धबधबा

"सूनबाई, ह्या समोरच्या माणसाला सांग, खिडकी लाव म्हणावं. वारा सरळ माझ्या मानेवर येतोय."

समोरचा माणूस म्हणजे अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ, घरातले रंगकाका. दोघांच्या मध्ये घरगाडीतलं हातभर रुंदीचं घडीचं टेबल, त्यावर चहाचे दोन मग आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा. टेबलाखाली दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. तरी अण्णांचा निरोप आधी पुढे ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेला आणि तिथून वळसा घालून परत त्याच टेबलावर आला.

"काका, अण्णांना जरा गार लागतंय," सूनबाई आरशात बघत म्हणाली. "तुम्हाला चालणार असेल तर काच थोडी ओढून घ्याल का, असं विचारतायत."

"असं विचारतोय होय?" रंगकाकांनी अंड्याचं टरफल निवांतपणे सोलून बशीच्या कडेला ठेवलं. "मग त्याला सांग, नीट विचारलंस म्हणून लावतो. हुकूम सोडला असतास तर काच काढून बाहेर फेकली असती."

"काका लावतो म्हणतायत, अण्णा."

काच लागली. अण्णांनी "हं" केलं. ह्या "हं"चं भाषांतर करायची जबाबदारी सूनबाईची नव्हती, म्हणून तिनं लक्ष पुन्हा रस्त्याकडे वळवलं. भाड्याची ही सहा जणांची घरगाडी चालवायला घरात तिच्याशिवाय दुसरं कोण होतं? मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवून तिचा घसा आणि संयम दोन्ही तयार झाले होते. आधी आरसा, मग सिग्नल, मग वळण, हे ती रोज पढवायची. सासरच्या माणसांशीही ती ह्याच क्रमानं वागायची.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले त्याला अकरा वर्षं झाली होती. कारण एक पडदा. अण्णांच्या फोटो स्टुडिओत मागच्या भिंतीला कापडी पडदा टांगलेला होता आणि त्यावर रंगकाकांनी रंगवलेला तो प्रसिद्ध धबधबा होता. डावीकडे काळा कातळ, त्यावर वाकलेलं एक झाड, मधोमध पांढरंशुभ्र पाणी. गावातलं झाडून प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं आणि प्रत्येक निवृत्ती ह्या धबधब्यासमोर उभी राहिलेली. धबधबा प्रत्यक्ष पाहिलेला मात्र दोघांपैकी एकानंही नाही. कुण्या गिऱ्हाइकाचा रोल धुवायला आला होता, अण्णांनी त्यातली एक निगेटिव्ह मोठी करून दिली आणि काकांनी ती बघून पडदा रंगवला, एवढाच काय तो त्यांचा प्रवास.

मग एक दिवस एक नवविवाहित जोडपं तिथं फिरून आलं. नवऱ्या मुलानं आपला फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "तुमचा धबधबा उलटा आहे. कातळ उजवीकडे आहे तिथं." दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. सगळे हसले. अण्णाही हसले आणि हसता हसता बोलून गेले, "आमचा पेंटर डोळे मिटून चित्रं काढतो." काका मागे उभे होते. त्यांनी ब्रश तसेच टर्पेंटाइनच्या बरणीत उभे ठेवले, जिना चढून वरच्या आपल्या खोल्यांत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. एकाच जिन्यावरून येणं-जाणं, एकाच नळाचं पाणी, आणि शब्द मात्र एक नाही.

शब्दांची ने-आण सूनबाईकडे आली. तेव्हा ती घरात नवी होती आणि घरातल्या नव्या माणसाला कुणीही कुठलंही काम सांगतं. पहिल्या आठवड्यातच तिला कळलं की हे निरोप जसेच्या तसे पोचवले तर घरात ताटवाट्या उडतील. म्हणून ती पदरची थोडी साखर घालू लागली. अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला काका म्हणाले होते, "आता तरी सरळ दिसेल म्हणावं." तिनं सांगितलं, "काका विचारतायत, आता बरं दिसतंय ना?" काकांच्या वाढदिवसाला अण्णा काहीच म्हणाले नव्हते, तर तिनं "अण्णांनी आशीर्वाद सांगितलेत" म्हणून ठोकून दिलं. आणि काकू गेल्या तेव्हा तर तिनं अख्खा निरोपच मनानं रचला होता.

आता काका जाणार होते. मुलीनं समुद्रापलीकडे घर घेतलं होतं, बापाला एकटं ठेवायचं नाही म्हणून हट्ट धरला होता, आणि पुढच्या महिन्याचं तिकीट आलं होतं. जाण्याआधी दोघं तोंडानं बोलले नाहीत तर पुन्हा कधी बोलणार? सूनबाईला हे अगदी मनापासून वाटत होतं. आणि बोलले तर? पहिल्याच गप्पांत अकरा वर्षांची साखर उघडी पडणार होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? ही भीतीही तितकीच मनापासून होती.

धबधब्याची टूम काढली होती सासूबाईंनी. "ज्याच्यासमोर उभी राहून जन्म गेला, तो एकदा डोळ्यांनी बघायचाय. आणि दोघांनाही घेऊनच बघायचाय," असं त्यांनी जाहीर केलं आणि वाटाघाटींना जागा ठेवली नाही. सासूबाई एरवी मूग गिळून बसणाऱ्यांतल्या, पण बोलल्या की घर हलायचं.

वाहनतळावर घरगाडी उभी राहिली तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं. धबधबा अजून दिसत नव्हता, पण झाडांच्या पलीकडून एकसारखी घरघर येत होती. अण्णा सासूबाईंना घेऊन तिकिटाच्या खिडकीकडे गेले. त्यांच्यापासून बरोबर दहा पावलं मागे काका, हात पाठीशी बांधून, जणू योगायोगानंच त्याच दिशेला निघालेले.

सूनबाईचा नवरा मागच्या दाराशी रेनकोट मोजत उभा होता. तो दातांचा डॉक्टर, त्यामुळे दुसऱ्याचं तोंड उघडलं की काय काय बाहेर येतं ह्याचा त्याला अनुभव होता.

"हे बघ, तू त्यांना बोलतं करायच्या भानगडीत पडू नकोस," तो म्हणाला. "बोलले तर भांडतील. काकाला निदान शांतपणे जाऊ दे."

"शांतपणे?" घरगाडीच्या पायरीवरून नणंदेनं खाली उडी मारली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि लहानपणापासून काकाच्या बाजूनं होती. "दादा, अकरा वर्षं शांततेतच गेली की. तू नेहमी अण्णांची री ओढतोस."

"मी कुणाची री ओढत नाही. अण्णांचं वय झालंय."

"आणि काकाचं काय, कमी होतंय?"

"अगं, हळू बोल!"

"मी सांगते काय करायचं. वहिनीनं निरोप पोचवायचे बंद करावेत. आजपासून. मग झक मारत बोलतील."

नवऱ्यानं सूनबाईकडे बघितलं. तिनं आपल्या बाजूनं बोलावं असं त्याला वाटत होतं, आणि सकाळपर्यंत ती बोललीही असती. पण सकाळभर त्या खिडकीच्या निरोपांची ने-आण करून तिची मान आखडली होती.

"मला हिचं पटतं," ती म्हणाली.

"बघ!" नणंद खूश झाली आणि लगेच तिचा दंड धरून तिला गाडीच्या मागे घेऊन गेली. "वहिनी, एक विचारू? खरं सांगायचं हं."

"काय?"

"अण्णांच्या तोंडून 'चालणार असेल तर' हे शब्द मी जन्मात ऐकले नाहीत. आईलाही नाही, मलाही नाही. मग तुझ्या निरोपात ते येतात कुठून?"

सूनबाईनं रेनकोटची चेन वर ओढली. ती अडकली. पुन्हा ओढली.

"तू बनवतेस," नणंद म्हणाली. "सगळं?"

"सगळं नाही गं. थोडं."

"काकूच्या वेळचं? काकानं मला शंभरदा ऐकवलंय ते. अण्णा असं म्हणाला, अण्णा तसं म्हणाला. माझा अण्णांवरचा राग त्यानंच कमी झाला."

सूनबाईला तो दिवस आठवला. अण्णा त्या दिवशी जिन्यात उभे होते. हातात चहाचे दोन कप. अर्ध्या जिन्यापर्यंत चढले, थोडा वेळ तसेच थांबले आणि खाली उतरून गेले. तेवढंच तिनं पाहिलं होतं. वर काकांच्या खोलीचं दार दुपारपासून बंद होतं, आतून हाकेला ओ येत नव्हती, आणि ती त्या दारापाशी एकटी उभी होती. तिच्या तोंडून जे निघालं ते निघालं.

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर," नणंद हळूच म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "मग राहू दे बाई. दादा म्हणतो तेच बरं. आपण आपला धबधबा बघू."

"नाही," सूनबाई म्हणाली. "काका असे नाही गेले पाहिजेत. माझं काय व्हायचं ते होईल."

धबधब्याकडे जाणारी वाट दगडी होती आणि शेवटी लोखंडी कठड्याच्या सज्जावर उघडत होती. प्रत्येक वळणावर घरघर वाढत गेली, मग तिचा गडगडाट झाला, आणि शेवटचं वळण घेतल्यावर सगळेच एकदम थांबले.

पाणी कोसळत होतं. पडद्यावर ते गुळगुळीत आणि स्वच्छ होतं, इथं ते तांबूस, पांढरं, फाटलेलं, धुमसत खाली जात होतं आणि खालून धुक्याचे लोट परत वर येत होते. चेहऱ्यावर, चष्म्यावर, ओठांवर पाण्याचे बारीक थेंब बसले. पायाखालचा सज्जा थरथरत होता. एवढं मोठं काहीतरी दुकानातल्या भिंतीवर टांगून त्यांनी इतकी वर्षं त्याच्यापुढे स्टुलं मांडली होती.

आणि काळा कातळ उजवीकडे होता. वाकलेलं झाड नव्हतं, कधीतरी पडलं असावं. पण कातळ उजवीकडेच होता, ह्यात शंकेला जागा नव्हती.

अण्णा कठड्याला धरून बघत राहिले. काका त्यांच्यापासून चार हातांवर. मध्ये, सवयीनं, सूनबाई.

अण्णा तिच्याकडे वळले आणि काहीतरी म्हणाले. ओठ हलले, शब्द पाण्यात गेला. तिनं कान पुढे केला. अण्णा पुन्हा बोलले, हातानं कातळ दाखवला, मग काकांकडे बोट केलं. एवढं कळलं की निरोप आहे आणि तो काकांना द्यायचा आहे. ती काकांकडे वळली. पण काय देणार? तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मनानं रचून सांगावं म्हटलं, तर काकांनाही ते ऐकू आलं नसतं. त्यांनी कानाशी हात धरला आणि भुवया उंचावल्या. तिनं दोन्ही हात पसरले आणि खांदे उडवले.

मग अण्णांचा धीर सुटला. ह्या माणसाच्या नाकावर कायमचा राग, आणि निरोप पोचत नाही म्हटल्यावर तो आणखीच भडकला. सूनबाईला बाजूला सारून ते पुढे झाले, काकांच्या रेनकोटची टोपी त्यांनी धरून मागे ओढली आणि त्यांच्या कानात ओरडले.

काका दचकले. क्षणभर त्यांना कळेचना की हा आवाज कुणाचा. मग त्यांनी अण्णांची कॉलर पकडली, त्यांचं डोकं खाली ओढलं आणि त्यांच्या कानात तितक्याच जोरानं ओरडले.

नवरा पुढे धावला. सूनबाईनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

दोघं एकमेकांच्या कानांत आळीपाळीनं ओरडत होते. काय, ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. अण्णांनी तळहात उताणा केला, मग पालथा केला. काकांनी मान जोरजोरात हलवली, आपला तळहात उताणा केला आणि पालथा केला. म्हणजे निगेटिव्ह उलटी कुणी लावली आणि चित्र उलटं कुणी काढलं, तोच जुना वाद. पण काकांचा डावा हात अजून अण्णांच्या कॉलरवर होता आणि तो सोडायचं त्यांना सुचत नव्हतं. अण्णांनाही तो झटकायचं सुचलं नाही. दोघांचे चष्मे तुषारांनी आंधळे झाले होते आणि दोघंही शाळकरी पोरांसारखे भिजलेले दिसत होते.

तेवढ्यात सासूबाई कठड्यापाशी जाऊन, धबधब्याकडे पाठ करून, सरळ उभ्या राहिल्या. एक पाय किंचित पुढे, हात समोर जुळवलेले. स्टुडिओत त्या अशाच उभ्या राहायच्या. त्यांनी अण्णांना खूण केली, काढा.

धंदा तो धंदा. अण्णांनी रेनकोटच्या आतून कॅमेरा काढला, भिंगावर धुकं धरलेलं बघून चिडले, आणि काही न बोलता तो भावाकडे धरला. काकांनी खिशातला रुमाल काढून भिंग पुसलं, वर आपल्या दोन्ही हातांचा आडोसा केला. फोटो निघाला. मग काकांनी सासूबाईंचे खांदे धरून त्यांना हळूच फिरवलं, कारण आयुष्यभराच्या सवयीनं त्या फोटोसाठी उभ्या राहिल्या होत्या आणि ज्याच्यासाठी आल्या होत्या ते बघायचंच राहिलं होतं.

परतीच्या वाटेवर घरगाडीत ओल्या कपड्यांचा आणि कॉफीचा वास भरला. घडीच्या टेबलावर टॉवेल, मग, बिस्किटांचा पुडा. सूनबाई गाडी चालवत होती आणि तिला कुणी काही सांगत नव्हतं.

"निगेटिव्ह तू उलटी लावलीस," काका म्हणत होते.

"निगेटिव्ह कशी लावायची ते तू मला शिकवणार? अरे, तू कॅनव्हास उलट्या बाजूनं ताणलास!"

"कॅनव्हास उलटा ताणला म्हणून धबधबा उलटा होतो? अण्णा, तू फोटोग्राफर झालास कसा?"

"मग निगेटिव्ह दाखव. आण."

"तुझ्याकडे होती. हरवलीस तू."

"मी नाही, तू हरवलीस."

नणंद सोफ्यावर पाय पसरून हे सगळं डोळे मिटून ऐकत होती, रेडिओवरचा आवडता कार्यक्रम ऐकावा तशी. नवरा सूनबाईच्या शेजारच्या सीटवर बसला होता. तो हळूच म्हणाला, "भांडतायत."

"हो," सूनबाई म्हणाली. "किती छान भांडतायत."

"चुकलो मी," तो म्हणाला आणि तिच्या मांडीवर बिस्कीट ठेवलं.

मागे अण्णा म्हणाले, "जाणारच आहेस तर तो पडदा घेऊन जा."

"लेकीच्या घरात तेवढी भिंत कुठली?"

"मग इथंच राहू दे. बघायला येत जा."

"येईन की."

मग काका बोलले, आणि त्यांचा आवाज बदलला होता.

"अण्णा, एक सांगायचं राहिलं होतं. ही गेली तेव्हाचं."

सूनबाईनं स्टिअरिंग घट्ट धरलं. आरशाकडे बघू नये असं तिनं ठरवलं आणि बघितलं. नणंदेचे डोळे उघडले होते.

"मी दार लावून बसलो होतो," काका म्हणाले. "उघडायचं नाही असंच ठरवलं होतं. तेव्हा तू निरोप पाठवलास. 'हे घर दोन भिंतींवर उभंय, धाकट्या. तू पडलास तर मी एकटा कसा उभा राहू?' सूनबाईनं दाराबाहेरून सांगितलं. त्या शब्दावर मी दार उघडलं. तुझ्याशी बोलत नव्हतो, पण ते मनात धरून होतो. एवढी वर्षं."

कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं.

"तूच पाठवला होतास ना?" काकांनी विचारलं. विचारताना ते अण्णांकडे नाही, टेबलाकडे बघत होते.

अण्णांनी मान वर केली. त्यांची नजर टेबलावरून, टॉवेलवरून, पुढच्या सीटवरून सरकत आरशात आली आणि तिथं सूनबाईच्या नजरेला भिडली. ती नजर ओळखण्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. त्यांना कळलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला.

अण्णांनी चष्मा काढला, टॉवेलाच्या कोपऱ्यानं पुसला, परत घातला.

"मीच पाठवला होता," ते म्हणाले. "चहा घेऊन वर येत होतो. अर्ध्या जिन्यात पाय अडला. तोंडानं बोलायला जमेना, म्हणून हिच्याकडे दिला."

काकांनी मान हलवली, पुन्हा पुन्हा.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "आरशात काय बघतेस? पुढे बघून चालव."

"हो, अण्णा."

तिनं डोळे पुसले आणि गाडी पुन्हा वेगात घेतली. रस्ता सरळ होता, ऊन उतरायला लागलं होतं. वारा पुन्हा आत शिरत होता.

"खिडकी लावू का?" काकांनी विचारलं. "तुझी मान धरेल."

"लाव," अण्णा म्हणाले.